आपाच्या हातातला बुके

गेल्या महिन्यात इथे अल-खोबरमध्येच एका लग्नाला गेले होते. बायकांच्या हॉलमधली जेवणं उरकली आणि डीजेवाल्या मुलीने माइकवरून हुकूम सोडला, की लग्न न झालेल्या सगळ्या मुलींनी नवरीच्या मागे येऊन उभं राहावं, आता बुके फेकला जाणार आहे. जिच्या हातात पडेल तिचं लग्न पुढचं, हेही तिने वर समजावून सांगितलं. एक मुलगी उठली तर शपथ. मोबाइल दारातच जमा केलेले असतात, त्यामुळे त्यात तोंड खुपसायचीही सोय नव्हती. सगळ्याजणी पुडिंगच्या वाट्या ढवळत बसून राहिल्या. नवरी बिचारी पाठमोरी, हात वर करून उभी. शेवटी तिच्या मावशीने तो बुके तिच्या हातातून घेतला आणि केकच्या टेबलावर ठेवून दिला. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "ही सगळी मेहरूनआपाची शिकवण." मला इतकं हसू फुटलं की पाणी नाकात गेलं. आपा सौदी सोडून कायमची गावी गेली, तरी खोबरमध्ये बुके झेलायला अजून कोणी उठत नाही.

मेहरूनआपा आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. रत्नागिरीकडची, जयगडच्या खाडीकाठची. एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची हेड सिस्टर होती. उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की लिफ्टमध्ये बोलली तर गच्चीवर कळावं. आम्ही बाकीच्या बायका नवऱ्यांच्या नोकरीमागे इथे आलेल्या, आमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, नवऱ्यांच्या नावाला बांधलेले. आपाचा इकामा तिच्या स्वतःच्या नावावर होता, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. पहिल्या दिवशी मी तिला 'तुम्ही' म्हटलं, तर म्हणाली, "वंदना, मना तुम्ही म्हणू नको गो. हॉस्पिटलात ऐकतंय तितका पुरे." त्या दिवसापासून ती माझी आपा आणि मी तिला अगं-तुगं करायला मोकळी.

लग्न का केलं नाहीस, असं तिला नवीन आलेली प्रत्येक बाई विचारायची, आणि आपा प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायची. एकीला म्हणाली, "नवरा वारला." दुसरीला म्हणाली, "तीन वारले." हैदराबादची एक डॉक्टरीण फारच खोदून विचारायला लागली, तेव्हा आपा तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "उनका ऑपरेशन मैंनेच किया था." त्या बाईने पुन्हा हा विषय काढला नाही. खरं काय ते आपाने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणून तर आमचं जमलं.

आपाचा एक गुण म्हणा की दोष, ती काही विसरत नसे. "मासा इसरतो, काटा नाय इसरत," हे तिचं आवडतं वाक्य. कोपऱ्यावरच्या बकाल्याने, म्हणजे किराणावाल्याने, तिला एकदा आंबूस झालेलं ताक विकलं आणि बदलून द्यायला नकार दिला. आपाने भांडण केलं नाही. त्या दिवसापासून ती दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जायची आणि येताना भरलेल्या पिशव्या घेऊन मुद्दाम याच्या दारावरून, अगदी सावकाश, त्याला सलाम करत जायची. उन्हाळ्यात सुद्धा! मी म्हणायचे, "आपा, त्याला त्रास व्हावा म्हणून तू स्वतः घामाने निथळतेस." तर म्हणायची, "तो पण निथळतोय. एसीत बसून निथळतोय."

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ होते. आपाच्या घरातून मासळीचा वास येतो म्हणून त्यांनी वॉचमनकडे तक्रार केली. आपा थांबली. महिन्यांमागून महिने गेले. मग त्या गृहस्थांचे सासू-सासरे लखनौहून पहिल्यांदा येणार असल्याची बातमी तिला लागली. ते आले त्या दुपारी आपाने रजा घेतली, दार सताड उघडं टाकलं आणि गावाहून आणलेले सुके बोंबील संध्याकाळपर्यंत भाजत बसली. निम्मे तिने मला दिले. सूड घेताना सुद्धा ती जिन्नस वाया घालवत नसे.

तर अशी ही आपा आमच्या खोबर-दम्मामच्या मराठी मंडळींतल्या प्रत्येक लग्नात बायकांकडची बाजू सांभाळायची. घर कोकणी मुसलमानांचं असो की पुण्याच्या जोश्यांचं, लग्नाला इस्तिराहा घ्यायची. इस्तिराहा म्हणजे भाड्याचं मोठं आवार, त्यात पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा. बायकांच्या हॉलच्या दारात आपा खुर्ची टाकून बसायची, प्रत्येकीचा मोबाइल कापडी पिशवीत घालून टोकन द्यायची, आणि एकदा दार लागलं की आत तिचं राज्य. नवरदेव आत येणार असला की तीच आरोळी ठोकायची, आणि क्षणात सगळ्या जरीकाठी, लेहंगे काळ्या अबायांखाली गुडुप व्हायचे. एकदा एक बाई माइक सोडेना, गाण्यामागून गाणं म्हणत सुटली. आपा दारातून ओरडली, "नवरा आला! नवरा आला!" धावपळ झाली, सगळ्या झाकून-पाकून बसल्या. नवरा काही आला नाही. माइक मात्र आपाच्या हातात आला होता.

आता मुख्य गोष्ट सांगते.

नसीमभाभी म्हणजे आमच्या मंडळींतली मानाची बाई. म्हसळ्याची, मोठ्या खानदानातली, नवरा एका बांधकाम कंपनीत मॅनेजर. तिच्या पुतणीचं लग्न होतं आणि बुके फेकायची टूम आमच्याकडे नवी नवी आलेली. दहा-बारा मुली लाजत, ढकलाढकली करत उभ्या राहिल्या. पुतणीने बुके फेकला तो जोरात. मुलींच्या डोक्यावरून गेला आणि थेट मागे, जिथे आपा बिर्याणीची पातेली मोजून घेत होती तिथे आला. आपाने एका हाताने झेलला. थिएटरमध्ये हात असा तयार झालेला, समोर आलेली वस्तू खाली पडू द्यायचीच नाही.

आणि ती हसली. मी तिच्या शेजारीच होते. त्याआधी आणि त्यानंतर मी आपाला पुष्कळदा हसताना पाहिलं, पण तसं नाही. पांढरे गुलाब होते, तिने ते नाकाशी नेले. तेवढ्यात नसीमभाभी हॉलच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आली, आपाच्या मुठीतून तो बुके तिने काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आपा, आता तुमच्या हातात हा काय कामाचा? शकुन वाया जाईल की. द्या पोरींना."

हॉल खदाखदा हसला. बुके पुन्हा फेकला गेला, कुठल्याशा मुलीने झेलला, टाळ्या झाल्या. आपाने राहिलेली पातेली मोजली, सगळ्यांना वाढलं, मोबाइल परत दिले. तेव्हा इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, सुहास, माझा नवरा, आम्हाला घ्यायला आला. उतरताना आपा एवढंच म्हणाली, "तिच्या पोरीच्या लग्नात."

नसीमभाभीची पोर, सना, तेव्हा शाळेत होती. दप्तर पाठीला लावून फिरणाऱ्या पोरीच्या लग्नाची वाट बघत बसायची, याला काय म्हणावं! पण आपा काही नुसती बसून राहिली नाही. तिने आधी बुके फेकणंच बंद पाडायला घेतलं.

पहिल्यांदा तिने एका लग्नात बुके सोडून त्याचं एकेक फूल केलं आणि हॉलमधल्या प्रत्येक बाईला वाटलं. म्हाताऱ्यांना, विधवांना, घटस्फोट झालेल्यांना, भांडी घासायला आलेल्या फिलिपिनो मुलींना सुद्धा. "कुणाच्या हातात शोभतंय, कुणाच्या नाय, ते फूल बघून घेईल," असं तिने माइकवर जाहीर केलं. हे सगळ्यांना फार गोड वाटलं. मला आपा ठाऊक होती. मला त्यात गोडवा दिसला नाही.

मग रेहानाची भानगड झाली. रेहाना आमच्यातलीच, दाभोळची, रियाधच्या ओलायामध्ये एका बँकेत मोठ्या पदावर. तिशी उलटली होती, आणि 'तुझं कधी?' या प्रश्नाला कंटाळून तिने लग्नांना येणं सोडलं होतं. आपाने तिला हट्टाने आणवलं. त्या दिवशी आपाने बुकेला पुष्कळ रिबिनी बांधल्या आणि मुलींऐवजी सगळ्या पोक्त बायकांना त्या ओढायला बोलावलं. एकच रिबीन पक्की, बाकीच्या नुसत्या खोचलेल्या. जिच्या हातात पक्की येईल तिला बुके मिळणार, पण त्याबरोबर एक अट. तिने पुढच्या रमजानपर्यंत कुठल्याही पोरीला 'तुझं कधी' म्हणून विचारायचं नाही. सगळ्यांसमोर कबूल करायचं. पक्की रिबीन कुणाच्या हातात आली हे सांगायला नको. खोबरमधली सगळ्यात चौकस बाई, सकीनाखाला. तिने बुके घेतला, कबुली दिली आणि त्यानंतर सबंध वर्षभर रेहाना दिसली की ती तोंडावर ओढणी धरायची. रेहाना हसून हसून रडली. मी आपाला विचारलं, "रिबीन बरोबर तिच्याच हातात कशी गेली गं?" आपा म्हणाली, "अल्लाची मर्जी. आणि थोडी माझी."

असं करता करता लग्नघरांना आपाचाच नवा खेळ हवासा वाटू लागला. बुके कुणी फेकेनासं झालं. पण मला माहीत होतं, आपाचं खरं लक्ष कुठे आहे ते.

सना पुण्याला शिकायला गेली, दातांची डॉक्टर झाली, आणि तिचं लग्न ठरलं. मधल्या काळात नसीमभाभीचंही बरंच काही बदललं होतं. तिचा नवरा रियाधला वेगळा फ्लॅट घेऊन राहत होता. भांडण कशावरून झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो ईदला सुद्धा खोबरला फिरकत नसे. भाभी सगळ्यांना सांगायची, "त्यांचं प्रोजेक्ट चाललंय ना." सगळे मान डोलवायचे. सना सुट्टीला आली की तो दोन दिवस येऊन राहायचा, त्यामुळे पोरीला यातलं काही कळलेलं नव्हतं.

नसीमभाभी स्वतः आपाकडे आली. मी तिथेच बसले होते. म्हणाली, "आपा, सनाच्या लग्नात बायकांकडचं सगळं तुम्हीच बघायचं. तुमच्याशिवाय कोण आहे माझं?" आपाने तिला पुदिन्याचा चहा दिला, बरोबर खजूर दिले, आणि हो म्हणाली. भाभी गेल्यावर मी म्हटलं, "आपा, तिला ते आठवतसुद्धा नाही गं."

"म्हायत हाय," आपा म्हणाली. "आठवत असता तर एखाद वेळ सोडलं असता मी तिला. आठवत नाय, हेच तर."

मी तिला सोडून द्यायला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

लग्न शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजानंतर होतं. निकाह झाला, जेवणं झाली. सना स्टेजवर, हातात पांढरे गुलाब. आपाने माइक घेतला आणि म्हणाली, "लग्न न झालेल्या पोरींची परेड आजवर खूप झाली. आज लग्न झालेल्यांची होऊ दे. सगळ्या शादीशुदा बायका उभ्या ऱ्हावा. मी विचारीन ते ज्यांना लागू नाय, त्यांनी खाली बसायचा. शेवटी उभी राहील तिचा संसार सगळ्यात सुखाचा, बुके तिला."

हशा झाला, टाळ्या झाल्या. खुर्च्या सरकवत सगळ्या उभ्या राहिल्या. नसीमभाभी नवरीची आई म्हणून सगळ्यांच्या पुढे, मोरपंखी शरारा, गळ्यात आजेसासूचा हार.

"ज्यांच्या नवऱ्याने एकदा तरी आपल्या हाताने चहा करून दिलाय, त्या उभ्या ऱ्हावा."

मी चहालाच बसले. माझ्याबरोबर निम्मा हॉल बसला. एक बाई बसता बसता म्हणाली, "कॉफी चालते का?" आपा म्हणाली, "नाय चालत."

"ज्यांच्या नवऱ्याला पोरं कितवीत हायत ते बायकोला न विचारता सांगता येतंय."

धडाधड बसल्या. हसण्याचा आवाज मात्र कमी झाला होता. दोन-तीन बायका एकमेकींकडे बघून कडवट हसल्या. आपा हे गेली किती वर्षं मनात घोळवत होती ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं लग्न न झालेल्यांना उभं करून हसलात, आता तुम्ही उभ्या राहून बघा, हेच तिला म्हणायचं होतं.

आता चार-पाच जणी उरल्या. नसीमभाभी त्यांत होती, हसत होती, पण हाराशी चाळा करत होती.

"ज्यांचा नवरा," आपाने जराही घाई न करता विचारलं, "काल रात्री घरी जेवला."

भाभीचा नवरा त्याच दिवशी सकाळच्या ट्रेनने रियाधहून आला होता. दम्मामच्या स्टेशनवर त्याला आणायला सुहासच गेला होता. संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीटही त्याच्या खिशात होतं. तिथल्या निम्म्या बायकांना हे माहीत होतं. सना मात्र आदल्या रात्री मैत्रिणींबरोबर हॉटेलात मुक्कामाला होती, तिला याचा पत्ता नव्हता. बाकीच्या चौघी, कुणाचा नवरा प्लांटवर रात्रपाळीला, कुणाचा कामासाठी थुवालला गेलेला, एकेक करून बसल्या.

नसीमभाभी उभीच राहिली.

तिने एकदा स्टेजकडे, सनाकडे पाहिलं आणि मान ताठ केली. माहीत असलेल्यांनी नजरा खाली घातल्या. आपाने माइकवर मोठ्याने "माशाअल्लाह!" म्हटलं, सनाच्या हातातून बुके घेतला, हॉलच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत गेली आणि दोन्ही हातांनी तो नसीमभाभीसमोर धरला. "शकुन वाया जाता नये, पोरींनो. टाळ्या वाजवा."

तेव्हा भाभीला आठवलं. मी तिच्या मागेच बसले होते, तिच्या मानेवरचा घाम मला दिसला. तिने हात पुढे केला. आपा तिच्या कानाशी लागून म्हणाली, "माझ्या हातात नव्हता शोभत ना? बघूया तुझ्या हातात शोभतोय का."

मला अगदी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू? पण सना स्टेजवरून लेहंगा दोन्ही हातांनी उचलून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. "आय न्यू इट, अम्मी! यू अँड अब्बू आर द बेस्ट!" पोरगी आनंदाने रडत होती. भाभी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि दुसऱ्या हातात तो बुके सरळ, उंच धरलेला. आपा ते बघत उभी होती. मग तिने माइक खाली ठेवला आणि दारात जाऊन मोबाइल वाटायला बसली. मला मोबाइल देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

चारच्या सुमाराला आम्ही निघालो. आता गाडी मीच चालवते. बायकांच्या फाटकापाशी ऊन नुसतं भाजत होतं. सना सासरच्या गाडीतून गेली होती, भाभीचा नवरा परस्पर स्टेशनला गेला होता. नसीमभाभी अबाया घालून फाटकात एकटीच उभी होती, भाऊ गाडी आणतोय म्हणून. बुके अजून तिच्या हातात. गुलाबांच्या कडा करपल्या होत्या, तरी तिने तो खाली केला नव्हता. आत बायका होत्या, बाहेर ड्रायव्हर होते. कुणासमोर खाली करणार?

"थांबव," आपा म्हणाली.

मला वाटलं, आता ही माफी मागणार, किंवा आणखी काहीतरी बोलणार. आपा उतरली, भाभीसमोर जाऊन उभी राहिली, आणि तिच्या मुठीतून तो बुके काढून घेतला. भाभीची बोटं आधी सुटेनात. मग सुटली. बुके गेल्यावर तिचे खांदे एकदम खाली आले आणि ती तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसली, तोंडावर ओढणी घेऊन. आपा तशीच वळली. येऊन गाडीत बसली. "यल्ला, चल."

थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "दया आली ना तुला तिची?"

"दया?" आपा फणकारली. "माझा होता, तो मी परत आणला. आजच नाय, त्या दिवसापास्ना माझा होता."

"मग आता झालं ना समाधान? पुन्हा असं काही करणार नाहीस ना?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "उद्या परत चान्स मिळाला तर परत करीन," म्हणाली. मग जरा थांबून, "पण पोरीसमोर नाय."

पुढच्याच आठवड्यात मी सुट्टीवर नाशिकला गेले, आणि मी परतायच्या आत आपा निवृत्त होऊन, इकामा परत करून गावी निघून गेली. त्यामुळे ती माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या दुपारचीच. बिल्डिंगच्या दारात मी गाडी लावत होते. आपा आधी उतरली, कोथिंबिरीची जुडी धरावी तसा तो बुके उलटा धरून पुढे चालत गेली. कोपऱ्यावर म्युनिसिपालिटीचा मोठा कचऱ्याचा डबा आहे, त्याच्यापुढे ती थांबली, त्याच्याकडे पाठ केली, आणि नवरीसारखा हात वर करून मागे न बघता बुके खांद्यावरून फेकला. नेम अचूक. आतून एक मांजर किंचाळत बाहेर उडी मारून पळालं, पाठीवर दोन पाकळ्या घेऊन.

आपा वळली, तिने त्या मांजराकडे पाहिलं, आणि हसली.

"आता हिचा नंबर," ती म्हणाली. "बिचारी."